बुजवलेल्या भिंतीमागचं मशीन

मी फिजिक्स शिकवते. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्या पोरांना मी वर्गात पार सोलून काढते, त्यामुळे हे वाचून माझे विद्यार्थी मला सोडणार नाहीत... खुशाल हसा. पण लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतोय!

आम्ही जबलपूरचे. माझे आजोबा इथल्या एका सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) बाबा लहान असताना तिथे मोठा धमाका झाला, असं अख्खी वस्ती सांगायची. कारखाना म्हणाला, काहीच झालेलं नाही. मग एक शेड पाडलं, तिकडे जाणारं दार विटांनी बुजवलं, आणि घरी न परतलेल्या आजोबांना ‘ड्युटी सोडून फरार’ ठरवलं. आजी शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. बाबांनी जन्मभर ‘भगोड़े का लड़का’ ऐकलं, आणि वडिलांचं श्राद्ध एकदाही घातलं नाही. फरार म्हणजे जिवंत — मग श्राद्ध कसं घालणार?

गेल्या विश्वकर्मा पूजेला आमचे शेजारी तिवारीजी, तिथले फोरमन, आम्हाला आत घेऊन गेले. त्या दिवशी घरच्या मंडळींना प्रवेश असतो आणि एकही मशीन चालवत नाहीत. मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, पूर्ण सुट्टी. मेन स्विचसुद्धा बंद होता. बाबा त्या विटांच्या भिंतीपाशी जाऊन थबकले.

“हे मशीन काहून चालून राहिलं गं आज?”

मी त्यांची थट्टा करणार, तेवढ्यात मलाही ऐकू आलं... लेथची घरघर, भिंतीच्या पलीकडून, अगदी स्पष्ट! विटांवर हात ठेवला तर तळव्याला थरथर जाणवली. तिवारीजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“उधर तो कुछ है ही नहीं, दीदी. खाली मैदान है.”

मी वळसा घालून धावत मागे गेले. खरंच रिकामं मैदान होतं, गुडघाभर गवत, आणि आवाज नाही. परत आत आले, तर घरघर चालूच.

बाबांनी हातातला प्रसादाचा द्रोण भिंतीशी ठेवला. आजोबांना ते दादा म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज अगदी लहान मुलाचा झाला.

“दादा, आज पूजा आहे. सगळ्यांची सुट्टी झाली. चला आता घरी.”

घरघर मंदावत गेली... आणि थांबली.

मी जनरेटर, पाइप, पलीकडचा रस्ता, सगळं तपासलं. कशातच काही सापडलं नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं, तर उत्तर आलं की तिथे शेड कधी नव्हतंच. अहो, मग दार कशाचं बुजवलंत? माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगू, मला आता ते शोधायचीही घाई नाही.

सर्वपित्री अमावास्येला नर्मदेच्या ग्वारीघाटावर बाबांनी पहिल्यांदा पिंड ठेवले. गुरुजींनी सहज विचारलं, वडील कसे गेले.

बाबा म्हणाले, “ड्युटीवर.”