दिवेलागणीचं विरजण

मी मुळातच भित्री. रायपूरला उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यांमागे आमचा पारा, म्हणजे आमची वस्ती. तिथे ट्रकचा टायर फुटला तरी माझ्या छातीत धस्स होतं.

शहरातून एक बाई आमच्या अंगणवाडीत यायच्या. शेजारी मारहाण ऐकू आली तर जाऊन दारावरची घंटी वाजवा, म्हणायच्या. आम्ही हसलो. आमच्या पत्र्याच्या दारांना घंटी कुठली? आणि उघड जाब विचारला, तर आपली पाठ वळल्यावर मार खाणारीलाच दुप्पट मार. बाई समंजस होत्या. म्हणाल्या, मग तुम्हीच ठरवा. आम्ही ठरवलं, वाटी घेऊन जायचं आणि विरजण मागायचं. एक निघालेली दिसली की बाकीच्यांनी मागोमाग जायचं. हे ठरलं भर दुपारी. दिवे लागल्यावर कोणी कोणाला दही देत नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आणि मारणारे तर शिफ्ट सुटल्यावरच घरी येतात!

पहिली पाळी माझ्यावरच आली. मी दिवा लावत होते, तर भिंतीपलीकडे भांडी आदळली. मग शेजारीण ओरडली, आणि एकदम गप्प झाली. तेव्हा मी जास्त घाबरले. ऐकलंच नाही असं करावं, असंही मनात आलं. तरी वाटी उचलली.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. हातात पट्टा होता.

"काय पाहिजे?"

"भाऊ, जरासं विरजण..."

"दिवे लागल्यावर? कोणी शिकवून पाठवलं तुले?"

देवाशप्पथ, पळणारच होते. तेवढ्यात मागून समोरच्या छत्तीसगढी काकींचा आवाज आला, "भैया, थोरकिन जामन मिलही का?" त्याही विरजणच मागत होत्या, त्यांच्या हातातही वाटी होती. त्यांच्यामागून आणखी दोघी येत होत्या. तो दारातून बाजूला झाला.

शेजारीण दह्याचं भांडं घेऊन आली. ओठ फुटला होता. चमचा वाटीवर वाजत होता. दही घालता घालता ती हळूच म्हणाली, "उद्या बी याल न, ताई?"

मी हव म्हणून बसले. घरी येऊन कडी लावली आणि वाटी समोर ठेवून रडले. उद्या मी कशाला आले, हे त्याला दार उघडायच्या आधीच ठाऊक असणार होतं. आणि मला जायचंच होतं.