बंद पडलेली स्कूटर

मेहरूण तलावावर एक गृहस्थ रोज सकाळी भेटत. नाव मी कधी विचारलं नाही. हिवाळ्यात बदकं उतरली की कुजबुजत, "हळू बोला, पाहुणे आलेत." स्कूटरलाही तितकंच जपत. सीटवर फडकं, गाडी कायम निंबाच्या सावलीत.

उन्हाळ्यात तलाव आटला, गाळ न्यायला ट्रॅक्टर येऊ लागले. एक दिवस त्यांची स्कूटर भर उन्हात, ट्रॅक्टरच्या वाटेतच उभी.

"गाडी काढा ना, भाऊ," ड्रायव्हर म्हणाला.

"काय करू, बंद पडी गई."

तो वैतागून वळसा घालून गेला. मी जवळ गेलो, तर चाकापुढे खड्यांत टिटवीची अंडी.

पुढे कित्येक दिवस ते ऑफिसला पायी गेले. पिल्लं चालती झाली त्या सकाळी स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. सीटला उन्हानं भेगा पडल्या होत्या. त्यांनी वर फडकं टाकलं आणि निघाले.