दुसऱ्या बाजूची दांडी

आमच्या इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात. निवृत्त झाले तरी नाव सुटलेलं नाही. उभा जन्म लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला आणि स्वतः राहायला तळमजल्यावर. मी त्यांचा शेजारी. हिशेब तपासण्याचं काम करतो म्हणून ते मला ऑडिटर म्हणतात. संध्याकाळी ऑफिसातून आलो की त्यांच्याकडे चहा घ्यायचा, ही माझी जुनी सवय.

निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या खोलीत प्लायवूडचा एक उभा खोका बांधायला घेतला. पूर्वी दुकानांत व्हिडिओ गेमचं मशीन असायचं ना, अगदी तसा. वर पडदा, खाली फळी, फळीवर दोन दांड्या आणि प्रत्येकीशेजारी बटणं.

"लोक निवृत्त झाल्यावर घर आवरतात," वहिनी म्हणायच्या, "ह्यांनी घरात टपरी उघडलीय."

लिफ्टवाले हसून सोडून द्यायचे. खोका कोणासाठी चालला आहे हे वहिनींनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या तोंडाशी त्यांनी एक जुनं गेम मशीन घेऊन ठेवलं होतं. दोघांनी मिळून खेळायचा विमानांचा खेळ. वाटेत एक पूल यायचा आणि पुलावर तोफा. एकट्याला तो पूल कधी पार झाला नाही. लिफ्टवाले पहिल्या बाजूला बसायचे आणि धाकटी बहीण दुसऱ्या बाजूला, स्टुलावर उभी राहून. म्हणून तिचं नाव बुटकी. दुसरी बाजू तिला रोज मोकळी मिळायची, कारण तिथली दांडी एकदा मोडली तेव्हा वडिलांनी नवी बसवली ती उलटी. वर ढकलली की विमान खाली जायचं. गिऱ्हाईक कटकट करायचं आणि उठून जायचं. बुटकी मात्र त्याच दांडीवर शिकली, तिला ते सरळच वाटायचं.

आता बुटकी दूरच्या देशात मोठ्या हुद्द्यावर आहे. फोन येतो. जेवलास का, गुडघा कसा आहे, वहिनी कशी आहे, आणि संपतो. बोलणं संपल्यावरही लिफ्टवाले थोडा वेळ फोन हातातच धरून बसतात. वडिलांच्या मशीनमधला सर्किट बोर्ड त्यांनी इतकी वर्षं ट्रंकेत जपला होता. तिच्याबरोबर एक डाव, एवढंच त्यांना हवं होतं. कामानिमित्त प्रवासात एक दिवस घरी थांबेन, असं ती म्हणाली होती.

"पण तिचा मुलगा नवीन गेम खेळतो, तीही खेळते त्याच्याबरोबर," ते मला म्हणाले. "तिला जुना खेळ नको वाटला तर? आल्यावर ती म्हणेल तो लागला पाहिजे."

म्हणून त्यांनी तीन प्रकारची सोय केली. वडिलांचा बोर्ड, भाच्याकडे आहे तसलं गेमिंग यंत्र आणि एक कॉम्प्युटर. दांड्या आणि बटणं मात्र तीच. प्रत्येक बटणाला दोन तारा. एक तार सगळ्यांना सामाईक, दुसरी ज्याची त्याची. या सगळ्या तारा एका रुंद प्लगमध्ये आणल्या. मागे तीन डब्या, तिन्हींना एकाच मापाचं सॉकेट. नव्या यंत्राचा हातात धरायचा रिमोट उघडून त्याच्या बटणांच्या जागी तारा डाग देऊन जोडल्या आणि तो डबीत बंद केला. कॉम्प्युटरचंही तसंच. प्लग या डबीतून काढून त्या डबीत घातला की झालं.

"मागचं काय बदलायचं ते बदलू दे, ऑडिटर. हात तिथेच राहिला पाहिजे."

चाचणीला वहिनींना बसवलं. वहिनींनी पहिली दांडी वर ढकलली आणि विमान सरळ जमिनीत घुसलं. दुसरीचंही तेच.

"अहो, जन्मभर लोकांना वर-खाली केलंत," वहिनी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या, "आणि स्वतःच्या घरात वरचं खाली?"

चूक लिफ्टवाल्याकडूनच व्हावी अशी होती. लिफ्टमध्ये वरचा स्विच वरचा आणि खालचा खालचा. गेमच्या दांडीचं तसं नसतं. ती मधोमध टेकलेली असते. वर ढकलली की फळीखालचं टोक उलट्या बाजूला जातं आणि खालचा स्विच दाबतं. त्यांनी हाताच्या सवयीने वरच्या स्विचला वरची तार लावली होती.

पहिल्या दांडीच्या तारांची त्यांनी लगेच अदलाबदल केली. दुसरीपाशी आले आणि स्क्रू ड्रायव्हर तसाच हातात राहिला.

"बाबांनी हेच केलं होतं," ते म्हणाले. "हीच चूक."

ती दांडी त्यांनी तशीच ठेवली.

मी म्हटलं, "अहो, दांडीपाशी उलटं ठेवलंत तर तिन्ही डब्यांत उलटं जाणार. मुलाबरोबर ती सरळच खेळत असेल. मध्ये एक खटका बसवा, दोन्हीची सोय होईल."

"खटका नको. तिच्या हाताला आठवतंय का, ते बघायचंय मला."

बुटकी आली. केस पिकलेले, पण दारापुढच्या दोन पायऱ्या एकदम चढायची खोड तशीच. तिने आग्रहाने मलाही बोलावून घेतलं. खोका पाहिल्यावर ती दारातच थबकली.

"दादा! हे तू केलंस?"

"कुठला लावू सांग. तुझ्या मुलाचाही आहे."

"त्याचा रोजच असतो रे. आपला लाव."

लिफ्टवाल्यांनी प्लग वडिलांच्या बोर्डाच्या डबीत घातला. दोघं बसली. खेळ सुरू झाला. बुटकीने दांडी वर ढकलली आणि तिचं विमान जमिनीवर आपटलं. पुन्हा सुरू, पुन्हा आपटलं.

"दादा, हे उलटं जोडलंयस. बिघडलंय."

मी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. वहिनी काही बोलणार होत्या. लिफ्टवाल्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"हो का? थांब, करून देतो."

त्यांनी फळी उचलली, दोन तारा काढल्या, जागा बदलून लावल्या. वेळ असा लागलाच नाही. बुटकी मागे उभी राहून वहिनींना सांगत होती, "लहानपणी मी ह्याला कधी पडू द्यायचे नाही, माहितीय? हा घाबरट. तोफा दिसल्या की डोळे मिटायचा."

आता ती झकास खेळू लागली. दादाला "सरक, सरक, तुझ्या मागे आहे" म्हणून ओरडू लागली. लिफ्टवालेही ओरडू लागले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मग पूल आला. चारी बाजूंनी गोळे. तिला वर जायला हवं होतं आणि तिने दांडी खाली ओढली. जोरात, पुन्हा पुन्हा. विमान पाण्यात गेलं.

"अरेच्चा! असं काय झालं मला?" ती स्वतःच्या हाताकडे बघत हसली. "वर जायचं होतं रे!"

लिफ्टवाल्यांचं विमान पुलासमोर एकटं राहिलं होतं. त्यांनी ते हलवलंच नाही. तेही पडलं.

"माझंच जोडणं कच्चं असेल," ते म्हणाले.

दुसरा डाव मांडणार तोवर तिला न्यायला गाडी आली. निघताना तिने दादाच्या डोक्यावर टपली मारली. "पुढच्या वेळी पूल," ती म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही. गाडी कोपऱ्यावर वळली तरी लिफ्टवाले फाटकाशी उभे होते.

"दांडी मुद्दाम उलटी ठेवली होती, हे तिला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर पुढच्या वेळी मुद्दाम उलटं खेळली असती ती. माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तर फळी उघडी होती. त्यांनी दुसऱ्या दांडीच्या तारा परत फिरवल्या होत्या. मला बुटकीच्या जागेवर बसवलं.

"वर ढकला, ऑडिटर."

मी ढकलली. विमान खाली गेलं.

"बरोबर," लिफ्टवाले म्हणाले आणि फळीचे स्क्रू आवळू लागले.