महादूमामांच्या ट्रकची स्प्रिंग

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माझे मात्र बहुतेक भीतीचेच. कारण आमच्या गॅरेजमालक अण्णांचा नियम: ज्यानं काम केलं, त्यानं ट्रायलला ड्रायव्हरशेजारी बसायचं. बोल्ट आवळताना मी देवाचं नाव उगाच घेत नाही!

*

महादूमामा कोल्हापूर-चंदगड मालट्रक चालवायचे. एका खड्ड्यात स्टिअरिंग असं गरकन फिरलं की त्यांचं उजवं मनगटच मोडलं. प्लास्टर निघालं, पण ट्रकमालक अण्णांना म्हणाले, "गाडी हातात राहत असली तरच मामा. न्हायतर दुसरा ड्रायव्हर बघतो." मामांना दुसरं काम येत नव्हतं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

*

आधी मी स्टिअरिंगला डॅम्पर बसवला. खड्ड्याचा हिसका त्यातच मुरतो, हातापर्यंत येत नाही. ट्रायलला मामा खुशीत. रस्ता नवा केलाय काय, म्हणून विचारायला लागले. पण वळण संपलं की चाक सरळ करायचं काम हाताचंच. तिसऱ्या वळणाला मामांनी ओठ चावला आणि मी दार घट्ट धरलं.

*

मग सेंटरिंग स्प्रिंग. ती चाकं ओढून सरळ आणते आणि तिथंच धरून ठेवते. वळताना मात्र जरा जोर लावावा लागतो. मी शहाण्यानं स्टिअरिंगवरचं चिन्ह सरळ बघून ती आवळली. पुढची चाकं बघितलीच नाहीत! कळंब्याच्या रस्त्याला ट्रक सारखा तळ्याकडं ओढायला लागला.

मामा शांतपणे म्हणाले, "पावणं, पोहायला येतंय न्हवं?"

मला येत नव्हतं. परत येऊन आधी चाकं सरळ केली, मग स्प्रिंग नव्यानं बसवली.

*

शेवटची ट्रायल भरल्या ट्रकची, घाटात. उतारावर पुढचं डावं टायर फुटलं. त्याच बाजूला दरी, आणि त्याच बाजूला मी. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ट्रक सरळ जाऊन थांबला होता. मामांचा पाय ब्रेकवर होता. दोन्ही हात मांडीवर, डाव्यानं उजवं मनगट धरलेलं.

"स्टिअरिंग सोडलंसा?" मी विचारलं.

"सोडलं न्हाय. सुटलं."

टायर बदलून आम्ही परत आलो. गॅरेजात ट्रकमालक वाट बघत उभे होते. टायरचं ऐकून त्यांनी मलाच विचारलं, "मामांचा हात कसा चालतोय?"

मामा माझ्याकडं बघत होते.

"गाडी एकदम रेषेत राहिली," मी म्हणालो.

मालकांनी किल्ली पुढं केली. मामांनी ती डाव्या हातानं घेतली.