दिवसातून तीनदा, जेवणानंतर

“गोळये काय पेरूक ठेवलंस गो?”

शाळेच्या पडवीत रांगेला बसलेल्या एकीने शेजारणीला विचारलं, तशा आजूबाजूच्या हसल्या. मी खाली मान घालून त्या शेजारणीच्याच डब्यातल्या गोळ्या मोजत होते. आठवड्याला एकवीस द्यायचो. चौदा उरल्या होत्या. सलग तिसऱ्या आठवड्याला चौदा.

ती हसली नाही. तोंडाशी पदर धरून खोकली आणि हलकेच म्हणाली, “जेवल्यार घे म्हणून सांगला हा. माजा जेवान रातीचा एकच.”

मी आकडा कार्डावर लिहिला आणि डबा घेऊन आत गेले. तिचं बोलणं ऐकू आलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

साठ सालच्या आगेमागेची ही गोष्ट. मिशनचा दवाखाना दर बुधवारी वालावलच्या पलीकडे, खाडीकाठच्या त्या गावात जाई आणि तिथल्या शाळेत बसे. औषधांच्या पेट्या होडीत मांडीवर धरून आम्ही बसायचो. डॉक्टर परदेशी बाई होत्या. गावातले लोक त्यांना दोतोरबाय म्हणत. ‘बसा’ आणि ‘जीभ दाखवा’ एवढं मराठी त्यांना येई. बाकीचं मी बोलायचं, म्हणून मला नेमलं होतं. मी बेळगावच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. तिथे पहिल्याच वर्षी माझ्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘माका’ गेलं आणि वर्गभर हसू झालं. त्या दिवसापासून मी मालवणी ऐकली, पण बोलले नाही. आईशीसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलायचे.

क्षयाच्या गोळ्यांसाठीचं वाक्य मीच बसवलं होतं: ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर.’ ते सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून पडवीच्या खांबाला टांगलं होतं, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना तेच शब्द मी वाचून दाखवी. दोतोरबायना त्याचं कौतुक होतं. मलाही होतं, हे कबूल करायला हवं.

त्या दिवशी दोतोरबायनी तिचं कार्ड पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. गोळ्या मोजक्या येत. नवीन रुग्णांची नावं वाट पाहत होती. तीनदा गोळ्या परत आल्या तर नाव कमी करायचं, असा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. ही बाई औषध घेत नाही आणि विचारलं तर घेते म्हणते, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. तिला आत बोलाव आणि सांग की तिची जागा आता दुसऱ्याला जाईल.

मी दाराकडे वळले, आणि तेव्हा मला तिचं बोलणं समजलं.

आमच्याकडे सकाळी पेज पितात. उकड्या तांदळाची, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. ज्या घरात तांदूळ पुरवून वापरायचा असतो तिथे दुपारीही पेजच. पण पेज पितात. तिला जेवण कुणी म्हणत नाही. पानात भात पडतो ते जेवण, आणि तिच्या पानात तो रात्रीच पडत होता. तिने माझा शब्द न् शब्द पाळला होता. दिवसाला एक जेवण, एक गोळी. ‘तीनदा’चं काय करायचं हे तिला कळलं नसणार, आणि माझ्यासारख्या पांढरी साडी नेसून पुस्तकी बोलणाऱ्या मुलीला विचारायचं तरी कसं? माझ्याच घरी मी रोज पेज पीत होते. लिहिताना ती आठवली नाही.

गप्प राहणं सोपं होतं. चूक कुणाला दिसली नव्हती. नवं वाक्य पुठ्ठ्यावर लिहिता आलं असतं, पुढच्या बुधवारपासून सगळं सुरळीत झालं असतं. फक्त ती तेवढी यादीतून गेली असती. फुफ्फुस आधीच पोखरलेलं होतं. पुढचा पावसाळा तिला निभला नसता.

तोवर मला दाराकडे वळलेली पाहून ती आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली होती. मागून रांगेतल्या दोघीतिघी दारात वाकून बघत होत्या. मी दोतोरबायना इंग्रजीत सगळं सांगितलं: पेज म्हणजे काय, जेवण म्हणजे काय, आणि ते वाक्य कुणाचं. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं, मग टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. तिला तूच सांग, म्हणाल्या, आणि या वेळी तिला समजेल असं.

मला मराठी वाक्य सुचलं. चांगलं, शुद्ध, नेमकं वाक्य. ते मी गिळलं. दारातल्या बायका बघत होत्या, हसल्या असत्या तर हसल्या असत्या.

“काकी,” मी म्हटलं, “तुमचा काय एक चुकला नाय. चुकलंय मी. फाल्यापासून एक गोळी सकाळच्या पेजेवर, एक दुपारच्या पेजेवर, आणि एक राती जेवल्यार घेवा.”