झाडाच्या अलीकडे

उन्हाळ्याच्या सुरवातीला माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायूचा झटका आला. मलकापूरच्या दवाखान्यातून दहाव्या दिवशी घरी आणलं. हातपाय हळूहळू सुधारले, पण तोंडातून शब्द फुटेना. मी साताऱ्याच्या नोकरीतून रजा काढून गावी राहायला आले.

एका सकाळी त्यांनी दारातल्या शेवग्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "जेवो."

आई ताट वाढून घेऊन आली. त्यांनी ताट ढकललं, पुन्हा शेवगा दाखवला. "जेवो!"

"आवं, जेवायचं म्हंता आन् ताट ढकलता. काय करू मी?" आईला रडूच फुटलं.

दुपारी त्याच शेवग्याला ते "बाउम" म्हणाले, संध्याकाळी "स्त्रोम". उच्चार अगदी स्पष्ट. डोळे मात्र शेवग्याच्या पलीकडे, रस्त्यावर लागलेले.

आबांचे फौजेतले एक जोडीदार वाईला राहतात. ते भेटायला आले आणि ऐकून खाली बसले. "झाड म्हंतोय त्यो. जेवो पोलंडवाल्यांचं, बाउम जर्मन, स्त्रोम स्लोव्हाक लोकांचं."

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दोघं शांतिसेनेबरोबर परदेशात, एका सरहद्दीवर होते. चौकीवर चार देशांचे जवान. खाली उतारावर एकच झाड आणि त्याच्यापलीकडे जमिनीत पेरलेले सुरुंग. वायरलेसवर कुणीही, कुठल्याही भाषेत 'झाड' म्हणालं की असेल तिथे थांबायचं. तेवढ्यासाठी प्रत्येकानं इतरांचा तो एक शब्द पाठ केला होता.

"सगळे थांबायचे?" मी विचारलं.

"एक न्हाई थांबला," ते म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून मी आबांना शेतात न्यायचे. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. एके दिवशी रानाच्या मधोमध आबांनी माझ्यापुढे हात आडवा धरला. "स्त्रोम."

"आबा, हितं कुठं झाड हाय?"

काही नाही हे दाखवावं म्हणून मी दोन पावलं पुढे टाकली. मागे वळून बघते तर आबा खाली बसलेले, दोन्ही कानांवर तळवे गच्च दाबलेले. मी आले तशी मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही, बरोबर त्याच जागी. मी चुलत्यांना ती जागा दाखवली. ते म्हणाले, "हितं आंबा हुता. तू जन्मायच्या आदी तोडला. पर त्याचं भ्या कवाच नव्हतं गं कुनाला."

आठवड्यानं नांगरटीला ट्रॅक्टर आला. आबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. चुलत्यांनी कसंबसं त्यांना धरून बांधावर आणून बसवलं. ट्रॅक्टर त्या जागेवरून पलीकडे गेला, वळला, परत आला. ढेकळांशिवाय काही निघालं नाही. आबा पापणी न लववता बघत होते. मी त्यांचा हात धरला होता, तो थंडगार होता.

काम संपवून ड्रायव्हर खाली उतरला आणि आमच्याजवळ येऊन उभा राहिला. तेव्हा आबा उठले. त्यांनी माझा खांदा थोपटला, मग चुलत्यांचा, मग ड्रायव्हरचा. आणि ड्रायव्हरच्या शेजारी, जिथे कुणीच नव्हतं, तिथे हात थोडा वर उचलून, चांगल्या उंच माणसाच्या खांद्याइतका, हवेत दोनदा थोपटलं. ड्रायव्हर चटकन बाजूला सरकला. आबा एकटेच घराकडे चालू लागले. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. आम्हाला कुणाला लागली नाही.

दिवाळीपर्यंत आबांचं बोलणं बरंचसं परत आलं. झाडाला ते झाड म्हणू लागले. ते परदेशी शब्द मी म्हणून दाखवले, तर त्यांना काही बोध होईना. तो चौथा खांदा कुणाचा, हे विचारायचा धीर मात्र मला महिनाभर झाला नाही. शेवटी विचारलं.

"आला त्यो," आबा म्हणाले. "लय उशिरा, पर आला." आणि चपला घालून उसाची नवीन लागण बघायला निघून गेले.