चढावर उतरायचं

रविवारी आमच्या गावच्या रस्त्यानं शहरातली माणसं सायकली घेऊन येतात. काल त्यातलं एक जोडपं चढावर उतरलं आणि सायकली ढकलत, गप्पा मारत चाललं. मी बघतच राहिलो.

आमची हीपण पूर्वी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसायची. चढ लागला की दमायचो मी, पण नाव सांगायचो सायकलचं. मग ती उतरायची. "मालकासारखीच आहे सायकल," म्हणायची आणि वर पोचेपर्यंत माहेरचं, शेजारचं, मनातलं सगळं बोलायची. मी मोठा शहाणा, मोटारसायकल घेतली. आता चढ कधी संपतो ते कळतपण नाही. ती मागून काही बोलली तर वाऱ्यात मला ऐकू यायचं नाही, मी नुसतं हां हां करायचो. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं.

आज बाजाराला जाताना चढाखाली मी गाडी बंद केली. म्हटलं, "उतर, जरा चालत जाऊ."

"अहो, पेट्रोल संपलं का?"

"नाही गं."

ती उतरली. मी ती जडशीळ गाडी ढकलत, धापा टाकत निम्म्या चढापर्यंत आलो. ती शेजारून बाजाराची रिकामी पिशवी हलवत चालत होती.

"बोल की काहीतरी," मी म्हणालो.

तिनं थोडा वेळ विचार केला. म्हणाली, "काय बोलू?"